गाणं अर्धवट सोडायला शिकलेलं घर: उशिरा बोलणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका खऱ्या घराचं नाही. वाचा-उपचाराच्या कामात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. त्यातले आठवडे आणि शब्दांचे आकडे याच रचनेचा भाग आहेत. ते कुणी आपल्या मुलासाठी मोजपट्टी म्हणून वापरू नयेत.

मुलगा २६ महिन्यांचा. घर चिंचवडला, आई-बाबा दोघंही नोकरी करणारे, दिवसभर आजीजवळ. बोलण्यात पाच शब्द: ‘बाबा’, ‘मंमं’, ‘भूभू’, आईसाठी ‘आ’ आणि नको असलं की ‘ना’. बाकी सगळा कारभार बोट दाखवून, हात धरून ओढत नेऊन आणि ‘अं, अं’ करून. समज मात्र वयाला साजेशी. ‘आजोबांची चप्पल आण’ म्हटलं की नेमकी तीच चप्पल येते. विमान गेलं की वर बोट करतो आणि आजीनं पाहिलं की नाही ते वळून बघतो. रिकाम्या कपातून खोटा चहा पितो, बाहुलीलाही पाजतो.

दोन वर्षं पूर्ण झाली तरी पन्नासपेक्षा कमी शब्द, किंवा दोन शब्द जोडून बोलणं सुरूच नाही, अशा मुलांना उशिरा बोलणारी मुलं म्हणतात. दोन वर्षांच्या दर शंभर मुलांमागे दहा ते वीस मुलं अशी असतात. त्यातली अर्ध्याहून जास्त शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात, पण आपलं मूल त्यात असेल की नाही हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. आजीचं म्हणणं होतं, ‘याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर मुकाच होता, आता बघा, गप्प बसवत नाही.’ आजीचा दाखला खरा, पण त्यावरून निघणारा अर्थ नेमका उलटा. घराण्यात उशिरा बोलण्याचा इतिहास असणं ही थांबून वाट बघण्याची नव्हे, लवकर दाखवून घेण्याची खूण आहे.

तोवर घरचे उपाय चालू होतेच. कुणीतरी वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं होतं. ते लगेच बंद करायला सांगावं लागलं. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि त्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. दुसऱ्या कुणी जिभेखालची शीर कापून घ्या म्हटलं होतं. जीभ खाली बांधलेली असेल तर लहानपणी दूध ओढायला त्रास होऊ शकतो, क्वचित काही उच्चारही अडतात, पण त्यामुळे शब्द फुटायचेच थांबतात असं होत नाही. याची जीभ तर ओठांबाहेर छान येत होती. तिसरा उपाय मोबाइलवरच्या बालगीतांचा, रोज दोन-अडीच तास. त्यातून ‘ए बी सी’ची चाल तो हुबेहूब गुणगुणायचा, पण पाणी हवं तर माठाकडे बोट.

आधी कान

गाणी-खेळ सुरू करण्याआधी श्रवणचाचणी झालीच पाहिजे. ‘ताट वाजवलं की वळतो’ ही चाचणी नव्हे. ताटाच्या आवाजाला वळणाऱ्या मुलालाही ‘प’, ‘त’, ‘स’ नीट ऐकू येत नसतील. आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद येतो का हे बघणाऱ्या ओएई चाचणीत या मुलाचा डावा कान पास झाला नाही. कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या टिंपॅनोमेट्रीत पडद्यामागे पाणी साचलेलं दिसलं. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत या वयात हे फार सामान्य आहे, बहुतेक वेळा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं आणि तेवढ्यापुरतं ऐकणं कान बुजल्यासारखं होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरवलं. यातून घराला एक व्यवहारी सूचना मिळाली: बोलायचं ते हातभर अंतरावरून, तोंड दिसेल असं, टीव्ही बंद ठेवून.

दुसरी तपासणी स्वमग्नतेच्या खुणांची. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी असते. यात मुलगा जोखमीच्या बाजूला गेला नाही. बोट दाखवतो, नजर देतो, खोटं-खोटं खेळतो, या तीन गोष्टींनी मोठा दिलासा दिला. या तीन नसतील, नावानं हाक मारल्यावर मूल वळत नसेल, किंवा आधी येणारे शब्द गळून गेले असतील, तर या लेखातली गाणी घेऊन घरी बसू नये. बालरोगतज्ज्ञ किंवा विकास तज्ज्ञ गाठावा. जिल्हा रुग्णालयांतली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं याच कामासाठी आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही तपासणी मोफत होते, आणि अंगणवाडीतूनही मूल तिकडे पाठवता येतं. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणाच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे. खासगी थेरपिस्टकडे जायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारावा. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे जाऊच नये.

दहा मिनिटांचं चित्रण

पहिलं काम म्हणून आईला सांगितलं: मोबाइल शेल्फवर टेकवून ठेवा आणि आजी-नातवाचं रोजचं खेळणं दहा मिनिटं टिपा, काही बदलू नका. ते बघून मोजणी केली. ‘हे काय?’, ‘हा कोण?’, ‘कुठला रंग?’ असे प्रश्न ३४. ‘म्हण’, ‘बोल की रे राजा’, ‘असं कर’ अशा सूचना १९. आणि मुलगा काही करेल म्हणून तीन सेकंद किंवा जास्त थांबणं? एकदा. तेही आजींना फोन आला म्हणून.

आजींना वीसेक गाणी तोंडपाठ. अशी आजी घरात असणं म्हणजे घरबसल्या मोठी शिदोरी. पण गाणं म्हणताना मुलगा मांडीवर, पाठ आजीकडे, तोंड टीव्हीकडे. गाणं एका दमात सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्यात मुलाला करण्यासारखं काही उरतच नव्हतं. तो ऐकायचा, हसायचा, उतरून जायचा. आणि पाण्याकडे बोट केलं की पेला हातात, दाराकडे पाहिलं की चपला पायात. ‘मागायच्या आत मिळतं’ हे आजीपणाचं लक्षण आहे, त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. पण मुलाला तोंड उघडायचं कारणही मिळत नव्हतं.

म्हणून बदल मुलात करायचा नव्हता. घराला एकच कौशल्य शिकायचं होतं: गाणं, खेळ, देणं-घेणं ऐन मोक्यावर थांबवायचं आणि गप्प बसायचं.

कोणते शब्द आधी

बाबांची इच्छा रंग, आकडे आणि ‘प्लीज’पासून सुरू करायची होती. पण ‘लाल’ म्हणून मुलाच्या हाती काहीच पडत नाही. ‘दे’ म्हटलं की बॉल मिळतो. पहिले शब्द निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. त्या शब्दानं काहीतरी घडतं का, तो दिवसातून दहा-वीसदा सहज येतो का, आणि त्यातले आवाज मुलाजवळ आहेत का. या मुलाकडे ब, म, भ आणि न होते, ‘द’ही अधूनमधून ऐकू यायचा. त्यावरून यादी निघाली: भुर्र, दे, ये, जा, बस, पाणी (‘पापा’, ‘पाई’ काहीही चालेल), नको, आला, गेला, उघड. ‘अजून’ हा फार उपयोगी शब्द, पण तो पुढच्या फेरीत ठेवला.

मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं, हा इथे आयताच फायदा. ‘बॉल दे’, ‘दार उघड’, ‘बाबा आला’: कानात शेवटी राहतो तो कामाचा शब्द. तो थोडा लांबवायचा, उंच सुरात म्हणायचा. एक पथ्य मात्र पाळलं. ‘पडला, पडली, पडलं’ अशी रूपं बदलतात, म्हणून सुरुवातीला खेळण्यात एकच बॉल ठेवला, म्हणजे सगळीकडे ‘पडला’च ऐकू येईल. बॉलच्या जोडीला गाडी आणि पुस्तक आलं की मुलाला तीन वेगळे शब्द ऐकू येतात.

मोराचं गाणं, पायरीनं

आजींच्या साठ्यातून एकच गाणं निवडलं: ‘इथे इथे बस रे मोरा’. महाराष्ट्रातल्या बहुतेक आज्यांना ते येतं. मुलाच्या तळहातावर बोटानं टकटक करत म्हणायचं, शेवटी मोर भुर्रकन उडतो. निवडण्याचं कारण हेच की कामाचा शब्द अगदी शेवटी आहे, त्याला जोडून मोठी हालचाल आहे आणि तो ओठांनी निघणारा आहे. अधल्यामधल्या ओळीत कुठेतरी दडलेला शब्द या कामाला चालत नाही.

मुलाला पाटावर बसवलं, आजी समोर जमिनीवर. गुडघे दुखत असतील तर आजी खुर्चीत आणि मूल पलंगावर, पण डोळे एका पातळीत हवेत. चाल नेहमीच्या निम्म्या वेगानं. पहिले तीन दिवस गाणं पूर्ण म्हणायचं, एका बैठकीत चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी तीच हालचाल, ‘भुर्र’ त्याच सुरात. कोणती गोष्ट कशानंतर येते हे मुलाला पाठ झालं पाहिजे. त्याशिवाय थांबण्याला अर्थ नाही.

चौथ्या दिवशी ‘पाणी पी’पर्यंत यायचं आणि थांबायचं. आजीचा हात वर तयार, भुवया उंचावलेल्या, ओठ ‘भ’साठी मिटलेले. मनात एक ते पाच मोजायचं. पाच सेकंद घड्याळात छोटी, पण न बोलता काढायला फार लांब वाटतात. पहिल्या दिवशी आजी दुसऱ्या सेकंदालाच सुटल्या. मुलानं हात हलवला, ओठ मिटले, नुसतं डोळ्यांत पाहिलं, ‘ब’ केलं, काहीही केलं तरी त्याच क्षणी मोर उडवायचा आणि ‘भुर्र!’ म्हणायचं. काहीच केलं नाही तर सातव्या सेकंदाला आपणच आनंदानं उडवायचा. ‘म्हण ना’ अजिबात नाही. एक पूर्ण फेरी, मग तीन थांबणाऱ्या फेऱ्या, चार-पाच मिनिटांत खेळ आटोपता. दिवसातून तीनदा: आंघोळीनंतर, संध्याकाळी, झोपण्याआधी.

बिघाड कुठे कुठे होतो तेही इथे दिसलं. बाबांनी एकदा दहा-बारा सेकंद ताणलं, मुलगा उठून गेला. पाच-सातच्या पुढे खेळाची परीक्षा होते. आईनं मधल्या ‘चारा खा’लाही थांबायला सुरुवात केली, तेव्हा गाण्याची लयच तुटली. एका गाण्यात एकच खाच पुरे. आजी कानात हळूच ‘भु... भु...’ करून सुचवायच्या, त्यामुळे मुलगा आपली पाळी सोडून आजींच्या ओठांकडे बघत बसायचा. आणि गुदगुल्या. मूल हसून हसून बेजार झालं की त्याच्याकडे आवाज काढायला श्वासच उरत नाही. त्या थोड्या कमी करा.

अकराव्या दिवशी हात फडफडला आणि ‘बू’ आला. ‘र्र’ कुठून येणार, तो फार पुढचा आवाज. ‘बू नाही रे, भुर्र म्हण’ अशी दुरुस्ती करायची नाही. ‘हो, भुर्र!’ एवढंच. त्याला मिळतो तो योग्य नमुना आणि उडणारा मोर.

गाण्यात आलेला शब्द गाण्यातच अडकून राहतो, ही या पद्धतीतली सर्वांत मोठी पोकळी. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात ‘भुर्र’ला घराबाहेर काढलं. गॅलरीतलं कबूतर, झाडावरून पडलेलं पान, विमान. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडला की तो घरभर भुर्र करतो. फुगा मोठ्यांच्याच हातात राहील आणि फुटला तर तुकडे लगेच उचलले जातील, हे बघायचं, कारण रबराचा तुकडा घशात अडकणं जीवघेणं ठरतं.

डबा, दार आणि उतारावरचा बॉल

खेळांत नवं काही विकत आणलं नाही. घट्ट झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, आत मूठभर कुरमुरे. मूल बरणी आणून देतं, आपण ती हातात घेऊन बघत राहायचं. पाच सेकंद. आवाज आला किंवा नजर आली की ‘उघड!’ म्हणत उघडायची, चार कुरमुरे द्यायचे, झाकण पुन्हा बंद. चारच, कारण बरणीभर दिले की खेळ संपला. शेंगदाणे, फुटाणे, आख्खे बदाम या वयात नकोत.

‘दार उघड’साठी पंख्याचं रिकामं खोकं आणि चिऊ-काऊची गोष्ट. मुलाचं काम सुरुवातीला फक्त ‘टकटक’. कावळा दारात उभा, चिऊ पुन्हा पुन्हा ‘थांब’ म्हणते. तोच संवाद पाच-सहा वेळा जसाच्या तसा येतो, आणि तेच या गोष्टीचं बळ. चौथ्या आठवड्यात खोक्यावर थाप मारून ‘उघ’ आला.

बॉलसाठी इस्त्रीचा टेबल एका बाजूनं दोन उशांवर टेकवून उतार केला. ‘एक... दोन...’ आणि थांबा. ‘ये’ किंवा ‘जा’ काहीही आलं की सोडा. इथे बाबांना नियम सांगितला होता: मूल जेवढं बोलतं त्याच्या एकच शब्द पुढे बोला. तो ‘दे’ म्हणाला तर ‘बॉल दे’. ‘तुला तो लाल बॉल खेळायला पाहिजे का रे सोन्या’ नको.

आणि प्रश्न निम्म्यावर आणायचे. ‘हे काय आहे?’च्या जागी ‘अरे, माऊ आली!’ ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, त्यातही बाबांना.

पाचवा आठवडा

इथे गाडी घसरली. शब्द अकरा झाले होते आणि घरात हुरूप आला. आजींनी ठरवलं, आता म्हटल्याशिवाय काही द्यायचंच नाही. पाणी हातात धरून ‘पाणी म्हण, मगच देते’. मुलानं पेला ढकलला, लोळण घेतली आणि त्या संध्याकाळी मोराच्या गाण्यालाही हात पुढे केला नाही. सून हळूच म्हणाली, ‘आई, तहानलेला आहे तो.’ आजी चिडल्या, ‘मग मीच शिकवत होते तर शिकवू द्या.’

सासू-सुनेच्या या वादात चूक कुणाची हा मुद्दाच नाही. नियम नीट सांगितला गेला नव्हता. तो असा: अन्न, पाणी, शी-शू, झोप आणि कुशीत घेणं यांवर कधीच अट नाही. खेळातल्या गोष्टींवर जास्तीत जास्त दोनदा थांबायचं, मग शब्द आपण म्हणून वस्तू देऊन टाकायची. दिलेली वस्तू आणि ऐकलेला शब्द एकत्र पोचले तरी तो धडा वाया जात नाही. पाहुण्यांसमोर ‘काकांना म्हणून दाखव भुर्र’ हेही त्याच दिवशी बंद झालं.

त्याच आठवड्यात मुलगा प्रत्येक गोष्टीला ‘बू’ म्हणू लागला. बॉल सुटला, पाणी सांडलं, बाबा ऑफिसला गेले, सगळ्याला ‘बू’. घराला वाटलं मागे गेला. खरं तर ‘दूर गेलं’ हा एक अर्थ त्यानं पकडला होता आणि त्याला शब्द एकच ठाऊक होता. त्याला हवा होता ‘गेला’. दर ‘बू’नंतर ‘हो, बाबा गेला’, ‘बॉल गेला’ असं म्हणायला सुरुवात केली. आठवड्याभरात ‘गेया’ आला.

शब्द मोजायचा कसा

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या-त्या तारखेच्या चौकोनात नवा शब्द लिहायचा. शब्द धरायचा तो तीन अटींवर: त्यानं आपणहून म्हटला, नेहमी त्याच अर्थानं म्हटला, आणि निदान दोन वेगळ्या प्रसंगी म्हटला. उच्चार कसाही असो. ‘हम्मा’, ‘भूभू’ हे पूर्ण शब्द आहेत. आपल्यामागून पोपटासारखा म्हटलेला मोजायचा नाही, पण त्याची नोंद बाजूला छोट्या अक्षरात ठेवायची. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजायचे. दोन भाषा ऐकल्यानं बोलणं उशिरा येत नाही, त्यामुळे बोलणं यावं म्हणून घरची मराठी बंद करून इंग्रजी धरायचं काहीच कारण नाही.

मोबाइलवरची गाणी पूर्ण थांबवली नाहीत, कारण ते या घरात टिकलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाची कमाल मर्यादा सांगितली, कमी तेवढं बरं अशा शेऱ्यासह. इथे वीस मिनिटं ठरली, तीही शेजारी बसून. गाणं पॉज करायचं, मग शेवटचा शब्द. स्वतःहून थांबून मुलाच्या तोंडाकडे बघणारा मोबाइल अजून कुणी बनवलेला नाही, तेव्हा ते काम माणसाचंच.

बाराव्या आठवड्याअखेर

वय २९ महिने. कॅलेंडरवर ३४ शब्द, त्यातले नऊ क्रियापदाचे. ‘बाबा गेया’ आणि ‘पापा दे’ अशा दोन जोड्या. कानातलं पाणी ओसरलेलं, ओएई चाचणीत दोन्ही कान पास. चाल चांगली आहे, पण २९ महिन्यांना ३४ शब्द हे अजूनही कमीच, म्हणून प्रकरण बंद केलेलं नाही. वाचा-उपचार पंधरवड्यातून एकदा चालू, तिसाव्या महिन्यात पुन्हा समज आणि उच्चारांची तपासणी.

पुढच्या फेरीत शब्द वाढवण्यापेक्षा जोड्या वाढवायच्या आहेत. ‘गेला’ आणि ‘दे’ या दोन खुंट्या पक्क्या आहेत, त्यांना नवी नावं टांगायची: काऊ गेला, आजी दे, पाव दे. मोराच्या गाण्यातली खाच आता एक शब्द मागे सरकवायची. ‘पाणी...’ म्हणून थांबायचं, म्हणजे ‘पी’ आणि ‘भुर्र’ दोन्ही त्याच्याकडून येतील. आजींनी ते परवापासून सुरू केलं आहे. ‘पी’ अजून येत नाही. तिथे तो पेल्यासारखी मूठ तोंडाला लावतो, आणि सध्या तेवढ्यावर मोर उडतो.